ज्वारीच्या धाटांचा त्रिकोण

मापाडी धान्य मोजताना 'एक' म्हणत नाही. पहिली पायली ओतताना तो 'लाभ' म्हणतो, मग 'दोन', मग पुढं. धाराशिवच्या त्या आडत दुकानाच्या माडीवर मी राहायला गेलो, तेव्हा सकाळी डोळे उघडायच्या आधी कानांवर पडायचं ते हेच. "लाभ गा लाभ, दोन गा दोन, तीन गा तीन..." खाली अंगणात ज्वारीची रास, राशीपाशी उकिडवा बसलेला गुरपाद मापाडी, शेजारी माल घेऊन आलेला शेतकरी, आणि गादीवर तक्क्याला टेकलेले मालक. मापाडी म्हटलं की पिकल्या मिशांचा माणूस डोळ्यांपुढं येतो. गुरपाद तसा नव्हता, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा होता तो, पण आवाज असा भरदार की चार दुकानं पलीकडं ऐकू जावा. मोजणी गात करायची ती सगळ्यांनी ऐकावी म्हणूनच. मधे आकडा चुकला तर मोजलेलं सगळं पुन्हा राशीत ओतून पहिल्यापासून मोजून मागायचा शेतकऱ्याला हक्क होता, आणि मापाड्याची ती मोठी नामुष्की समजली जायची. गुरपादचा आकडा कधी चुकला नव्हता. मालक गिऱ्हाइकांना हे छाती पुढं काढून सांगायचे, जणू काही मोजत तेच होते.

कागदावर गाव उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिव. आमचं खेडं उमरग्याजवळ, तिथं आठवीची शाळा नाही, म्हणून अप्पांनी मला मोटारीत घालून इथं आणलं. मालक आणि अप्पा एकाच मठाचे, त्या ओळखीवर मालकांनी माडीवरची खोली दिली. आमच्या लिंगायतांतल्या खेड्यापाड्यांच्या पोरांना ती खोली ते फुकट द्यायचे, हे त्यांचं पुण्यकर्म. पण पुण्यकर्मातसुद्धा माणसाचा आडत्याचा हिशेब सुटत नाही. खोलीत पोरं राहायची ती जोडीनं, एक थोरला आणि एक धाकटा. थोरला मॅट्रिकच्या आसपासचा, धाकटा नुकता गावाकडनं आलेला. मला घेऊन अप्पा उभे होते तेव्हा मालकांनी वरनं मल्लिनाथला बोलावून घेतलं आणि आम्हां दोघांना शेजारी उभं करून सांगितलं, "खोलीला भाडं न्हाय. पर थोरल्यानं धाकट्याला वर काढायचं. धाकटा नापास झाला की दोघांनी बी बोजा बांधायचा. जोडीतला एक बैल बसला तर दुसरा घिऊन म्या काय करू?" अप्पा हसले. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. मल्लिनाथ हसला नाही, ते माझ्या लक्षात राहिलं.

हा मल्लिनाथ म्हणजे अण्णा. माझ्यापुढं दोन इयत्ता, त्या वर्षी मॅट्रिकला बसणारा. काटकुळा, कपाळावर इभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहिल्या दिवशी मी त्याला 'तुम्ही' म्हणालो तर म्हणाला, अण्णा म्हण, पण तू म्हण, मी काही तुझा सासरा नाही. त्याच दिवशी त्यानं मला ज्या गोष्टी सांगितल्या त्या कुठल्या मास्तरानं मला सांगितल्या नसत्या, कारण मास्तरांना त्या ठाऊकच नव्हत्या. वर्गात कुठल्या बाकावर बसलं म्हणजे फळ्यावर ऊन येत नाही. कुठल्या मास्टरसाहेबांना वर्गात शंका विचारली की अपमान वाटतो आणि व्हरांड्यात विचारली की आनंद होतो. सलाम करताना किती वाकायचं. फारसी शब्द अडला तर तो गिळायचा नाही, हळू म्हणायचा, म्हणजे साहेब स्वतःच पुरा करतात. हे सगळं त्यानं तोंड भाजून घेऊन शिकलेलं होतं, आणि भाजलेलं अजून ताजं होतं. मोठ्या माणसांचं तसं नसतं, ती आपण कुठं पडलो होतो ते विसरून जातात.

खाणं घरनं यायचं. अव्वा, म्हणजे माझी आई, कडक भाकऱ्यांची टोपली मोटारीनं पाठवायची. वाळवून पापडासारख्या केलेल्या, तीळ लावलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या त्या, महिना टिकायच्या. सोबत शेंगांची चटणी आणि येसराच्या मसालेदार पिठाची पुरचुंडी. सकाळी अंघोळ, मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, आणि मगच तोंडात घास. अण्णा येसर कालवून चुलीवर आमटी करायचा, मी भाकरी मोडायचो. मोडताना असा आवाज व्हायचा की खालनं गुरपाद ओरडायचा, "माडी पाडताव का काय?" परवा सूनबाईनं बाजारातनं पाकिटातल्या कडक भाकऱ्या आणल्या. दात नाहीत, म्हणून दुधात बुडवून खाल्ल्या. मोडताना आवाज आला, आणि मी उगाच खिडकीतनं खाली बघितलं. आम्ही सातव्या मजल्यावर राहतो.

रोज सकाळी आम्ही जिना उतरून शाळेला निघालो की गुरपाद मोजणी सुरू करायच्या आधी अण्णाला एकच विचारायचा, "चालतोय का धाकटा?" आणि अण्णा म्हणायचा, "चालंल." कधी 'चालतोय' म्हणाला नाही. मला त्याचा राग यायचा. मापाड्याला माझी उठाठेव कशाला, असंही वाटायचं.

राग यायचं कारण म्हणजे मी माझ्या समजुतीनं चांगला धावत होतो. घरात आमची कानडी, गल्लीत मराठी, आणि राज्य निजामाचं, म्हणून शाळा सगळी उर्दूत. गणितसुद्धा उर्दूत, भूमितीला तिथं उक्लिदस म्हणायचे, त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया. मला पहिल्या महिन्यात ते काही म्हणता काही कळेना. मग मी एक युक्ती काढली. आमच्या गावी मठाचे अय्या पुराण वाचायचे ते अख्खं कानडी पुराण मला ऐकून ऐकून पाठ होतं, अर्थ निम्मासुद्धा न कळता. उक्लिदस मी तशीच पाठ केली, चालीवर. 'फ़र्ज़ करो के अलिफ बे जीम एक मुसल्लस है' इथपासून 'यही साबित करना था' इथपर्यंत, एक मात्रा न चुकता. आकृतीसुद्धा पाठ, चित्रासारखी. उक्लिदसचे मास्टरसाहेब हैदराबादचे, फार सभ्य माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. माझं पाठांतर ऐकून त्यांनी शाबास म्हटलं. उर्दू त्यांच्या आईची भाषा. एखादं पोरगं अर्थाशिवाय एवढं सगळं बोलू शकेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. तिमाहीला मला उक्लिदसमध्ये वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची. त्या शुक्रवारी दुपारी मी फुगून भाकरी मोडत बसलो होतो. अण्णानं विचारलं, ते दोन बाजू सारख्या असलेल्या मुसल्लसचं म्हणून दाखव. मी घडाघडा म्हटलं. अलिफ वर, बे आणि जीम खाली, दोन्ही उभ्या बाजू सारख्या, म्हणून खालचे दोन जाविये सारखे. मग त्यानं चुलीतला कोळसा घेतला आणि शहाबादी फरशीवर तोच त्रिकोण काढला, पण आडवा, झोपलेला. टोक डावीकडं, आखूड बाजू उजवीकडं उभी. अक्षरंही दुसरी घातली. आणि विचारलं, सारखे कोन कुठले. मी म्हणालो, खालचे दोन. का, म्हणाला. मी म्हणालो, किताबात खालचेच दोन आहेत.

अण्णाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तो मला बोलला असता, कानफाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसलं. घाबरलेला थोरला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि माझ्या लेखी अण्णा थोरला माणूसच होता. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, मास्टरसाहेब शाबास म्हणतात, तू कोण मोठा लागून गेलास? अण्णानं खिडकीतनं खाली बघितलं. आडत बंद होती, गुरपाद रिकाम्या अंगणात पोती झटकत होता.

"त्यो कोन हाय म्हाईत हाय का तुला?"

"मापाडी."

"माझा अण्णा हुता त्यो. ह्याच खोलीत. तू बसलायस तितं म्या बसायचो, आन् म्या बसलोय तितं त्यो."

मग त्यानं सगळं सांगितलं, माझ्याकडं न बघता, कोळशाची ती आकृती बोटानं पुसत पुसत. तो आठवीत असताना गुरपाद नववीत होता, शाळेतला हुशार. अण्णानंही माझ्यासारखीच चालीवर उक्लिदस पाठ केली होती, आणि गुरपादला ते कळलं नाही, कारण गुरपादला स्वतःला उर्दू लहानपणापासून यायची, त्याचं घर परंड्याच्या कसब्यात होतं, तिथं गल्लीतच उर्दू. सालाना इम्तेहानला, वार्षिक परीक्षेला, मोहतमीमसाहेब येतात, म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब. आठवीची उक्लिदस तोंडी असते, फळ्यावर, आणि ती ते स्वतः घेतात. त्या साहेबांना आकृत्या फिरवून काढायची खोड. त्यांनी आडवा त्रिकोण काढला, अण्णा म्हणाला, खालचे दोन. वर्ग हसला. साहेबांनी कारण विचारलं, तर अण्णा पाठ केलेलं म्हणत सुटला, अलिफ बे जीम, आणि फळ्यावर अलिफ नव्हता, बे नव्हता. त्यांनी नापास केलं. मालकांनी दोघांना बोजा बांधायला सांगितलं. गुरपादनं बोजा बांधला नाही. तो खाली जाऊन मालकांना म्हणाला, मी शाळेतनं नाव काढतो आणि तुमच्या मापाला बसतो, पण ह्या पोराला अजून एक साल खोलीत राहू द्या. मालकांचा जुना मापाडी तेव्हा नुकताच सोडून गेला होता.

ही गोष्ट आठवली की मला आजही मालकांचा राग येतो. भले गृहस्थ होते, मला त्यांनी कधी अरे म्हणून हाक मारली नाही, अव्वा आजारी पडली तेव्हा स्वतःची गाडी दिली. तरी राग येतो. अटीला चिकटून राहायचं असतं, तर त्यांनी गुरपादला घ्यायला नको होतं, आणि अट सोडायचीच होती, तर ती सोडायची होती. त्यांनी मधलं केलं, ज्यात त्यांची सोय होती.

"आता तू नापास झालास," अण्णा म्हणाला, "तर म्या तर जाईनच. पर त्याचं बी वाया गेलं की मग. त्येनं शाळा सोडली त्याचं काय झालं मग?"

इतके दिवस मी समजत होतो की नापास झालो तर अप्पा रागावतील, एवढंच. आता माझ्या त्या झोपलेल्या त्रिकोणावर दोन माणसं उभी होती. त्या दुपारची भाकरी मी खाल्ली नाही. अण्णानं ती मोडून आमटीत घातली आणि माझ्यापुढं सरकवली, आणि म्हणाला, खा, उपाशी डोक्यात काही शिरत नाही.

शिकवणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं, शाळा सुटल्यावर, माडीच्या वर, माळवदाच्या सपाट छपरावर. मालकांच्या बैलांचा कडबा तिथं रचलेला असायचा. अण्णानं ज्वारीची तीन धाटं मोडून घेतली, दोन सारखी आणि एक आखूड, आणि दोऱ्यानं टोकं बांधून त्रिकोण केला. मग सांगितलं, उर्दू काढून ठेव, कोटासारखी, खुंटीला. आधी आपल्या भाषेत बोल. ही दोन सारखी धाटं म्हणजे सख्खे भाऊ. हे भाऊ जिथं भेटतात ते घर. घर सोडून दे. प्रत्येक भाऊ आखूड धाटाला जिथं जाऊन टेकतो, ते दोन कोन सारखे. आता फिरव. मी धाटांचा तो त्रिकोण उलटा धरला, आडवा धरला, डोक्यावर धरला. भाऊ कुठं आहेत? घर कुठं आहे? घरापासून आखूड धाटाच्या मधोमध दोरा ताण, आता दोन्हीकडं काय दिसतंय? एकाला दुमडलं तर दुसऱ्यावर बसतंय का? मला ते बसताना दिसलं. खरंच सांगतो, त्या संध्याकाळी कडब्याच्या धुळीत मला आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट कळली. तोपर्यंत मी नुसत्या ऐकल्या होत्या.

हे वाटतं तितकं गोड नव्हतं. अण्णा वसकन अंगावर यायचा. मी चुकलो की धाट हिसकावून घ्यायचा, आणि मी रडकुंडीला आलो की परत द्यायचा. रोज एक सिद्धांत आपल्या भाषेत, दुसऱ्या दिवशी त्यावर उर्दूचा कोट. कोट अंगावर नीट बसला नाही तर पुन्हा काढून ठेवायचा. आणि हे चाललेलं असताना त्याची स्वतःची मॅट्रिकची पुस्तकं खोलीत कोनाड्यात बंद पडलेली. त्याला परीक्षेला गुलबर्ग्याला जायचं होतं, माझ्या सालानाच्या दुसऱ्याच दिवशी मोटार होती. एकदा मी न राहवून म्हणालो, अण्णा, तुझं काय होणार? तर तो म्हणाला, तुला सांगतो तेव्हा माझंच पक्कं होतंय, तू काळजी करू नकोस. ते निम्मं खरं होतं. इतिहास आणि फारसी काही धाटांनी पक्की होत नाही. डोळे चोळत तो पहाटे उठून ती वाचायचा, आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचो, कारण जागा आहे असं कळलं तर त्यानं मलाही उठवलं असतं.

माझ्या नातवाला पुण्यात मोठा क्लास लावलाय. थंडगार खोल्या, शिकवणारे सगळे नावाजलेले. मी त्याला विचारलं, तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठं कुणी आहे का तिथं, ज्याच्याजवळ बसावं? तो म्हणाला, आजोबा, ते कशाला? मी बोललो नाही. म्हातारा बोलायला लागला की घरातली सगळी फोन बघायला लागतात.

इम्तेहानच्या दिवशी सकाळी लिंगपूजा केली. जिन्यावरनं उतरलो. गुरपादनं पायली हातात घेतली होती. त्यानं नेहमीचं विचारलं, आणि अण्णा पहिल्यांदाच काही बोलला नाही, नुसती मान हलवली. गुरपादनं माझ्याकडं बघितलं आणि मोजायला सुरुवात केली.

मोहतमीमसाहेब उंच होते, काळी शेरवानी, आवाज इतका हळू की सगळा वर्ग श्वास धरून ऐकायचा. माझ्या आधीच्या दोघांना त्यांनी काही मिनिटांत बसवलं. माझं नाव घेतलं. मास्टरसाहेबांनी फळ्यावर किताबातली आकृती काढून ठेवलेली होती, माझी सगळ्यांत पक्की पाठ असलेली. मोहतमीमसाहेबांनी ती पुसली. खडू उचलला आणि त्रिकोण काढला, डोक्यावर उभा, शिवाय तिरपा कलंडलेला. अक्षरं सीन, ऐन, काफ. दोन बाजूंवर सारखेपणाच्या खुणा केल्या. "बराबर के जाविये बताओ। और साबित करो।"

मी खडू हातात घेतला. डोक्यात किताबातली चाल सुरू झाली, आपोआप, अलिफ बे जीम, आणि मी ओठ मिटून धरले, नाही तर ती बाहेर पडली असती. मागनं कुणी तरी खोकलं. मास्टरसाहेब अस्वस्थ होऊन हलले. मी फळ्याकडं बघत राहिलो आणि तीन रेघांची तीन धाटं व्हायची वाट बघितली. भाऊ कुठले? हा आणि हा. भेटतात कुठं? तिथं खाली, उजव्या कोपऱ्यात. ते घर. ते सोड. मी उरलेल्या दोन कोनांवर खडू टेकवला. आता कारण द्यायचं होतं, आणि मी घाईत कोट घालायलाच विसरलो. मी म्हणालो, "साब, ये दोनों सगे भाई हैं।"

वर्ग फुटला. मास्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. सगळं संपलं, असंच वाटलं, आणि मला माळवद दिसलं नाही की अण्णा दिसला नाही, दिसला तो पोती झटकणारा गुरपाद. मोहतमीमसाहेबांनी मागं न बघता नुसता हात वर केला. हसणं थांबलं. ते म्हणाले, "आगे?"

मग मी पुढं गेलो. मोडक्यातोडक्या बाजारी उर्दूत, ये भाई उसके बराबर, ये घर से बीचोंबीच ख़त खेंचा, अब इसको इसपे रखा तो बराबर बैठता. शब्द सापडला तिथं शुद्ध, नाही तिथं गल्लीतला. शेवटी 'यही साबित करना था' म्हणालो ते मात्र किताबातल्या चालीत, सवयीनं. साहेबांनी खडू माझ्या हातातनं घेतला. विचारलं, किताबात असं नाही, हे कुणी शिकवलं? मी म्हणालो, मेरे भाई ने. भाई क्या करता है? मी म्हणालो, पढ़ता है. त्यांनी हातातल्या कागदावर काही तरी लिहिलं आणि म्हणाले, बैठो. पास की नापास, चेहऱ्यावरनं काही कळेना. मास्टरसाहेबांनी त्या दिवशी माझ्याकडं पाहिलं नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याला गेला. निघायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं, सगे भाईसकट. तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं मला पुन्हा विचारलं, कारण पुरं सांगितलंस का? पुरं सांगितलं, म्हणालो. मग त्यानं बोजा बांधला. सगळा बांधला, परीक्षेपुरता नाही. म्हणाला, इथं परत यायला मिळालं नाही तर पुन्हा हेलपाटा नको. तो पुढं मॅट्रिक झाला, दुसऱ्या वर्गात, आणि हैदराबादेत शिकून मास्तर झाला, ते सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्हांला काहीच ठाऊक नव्हतं. मोटार हलली तेव्हा मांडीवरची भाकरीची टोपली त्यानं घट्ट धरली होती.

निकाल शाळेच्या पायऱ्यांवरनं अहलकार, म्हणजे शाळेचा कारकून, वाचायचा. जे पास तेवढ्यांचीच नावं. नाव आलं नाही की समजून घरी जायचं. पोरांची गर्दी, ऊन टळटळीत, आणि तो माणूस प्रत्येक नावानंतर घसा खाकरायचा. माझ्या पुढची-मागची नावं येऊन गेली. कागद उलटला. अजून नाही. ज्यांची झाली होती ती पोरं उड्या मारत निघून जायला लागली, गर्दी विरळ झाली, मला माझीच सावली दिसायला लागली. मी मनात बोजा बांधला. अव्वाची टोपली, पितळी, कोनाडा रिकामा. आणि कागदाच्या तळाशी कुठं तरी त्यानं माझं नाव घेतलं, घसा खाकरला आणि पुढचं घेतलं.

कुणाला सांगायचं? अण्णा गुलबर्ग्यात. अप्पा गावाकडं. मी धावत सुटलो, बाजारातनं, बैलांमधनं, आणि आडतीच्या अंगणात येऊन थांबलो. सुगीचे दिवस, ज्वारीची रास छातीएवढी. गुरपाद मोजत होता, आकडा बराच पुढं गेलेला, एक घामेजलेला शेतकरी शेजारी उभा राहून बोटं मिटत होता. मालक गादीवर. मोजणी चालू असताना मापाड्याशी बोलायचं नाही, हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. मी लांबच उभा राहिलो. गुरपादनं मोजता मोजता मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. पायली भरलेली, हात हवेत.

मी म्हणालो, "पास झालो."

गुरपादनं पायली ओतली आणि पुढचा आकडा घ्यायला तोंड उघडलं. आकडा आला नाही. त्यानं राशीकडं बघितलं, मोजलेल्या ढिगाकडं बघितलं, पुन्हा तोंड उघडलं. मग त्यानं पायली खाली ठेवली आणि उपरण्यानं तोंड पुसायला लागला, आणि किती तरी वेळ पुसतच राहिला.

शेतकरी वैतागून म्हणाला, असं कसं, आता सगळं पुन्हा मोजा. त्याचा तो हक्कच होता. मी मालकांकडं बघितलं. ते तक्क्यावरनं उठून ताठ बसले होते. त्यांनी एकदा गुरपादकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं. "मोज," म्हणाले, "पयल्यापासनं."

गुरपादनं मोजलेला सगळा ढीग पुन्हा राशीत लोटला. शेतकऱ्याचा राग तेवढ्यात उतरला असावा, त्यानं माझ्याकडं हनुवटी करून विचारलं, "कोन ह्यो? भाऊ व्हय तुमचा?"

"व्हय," गुरपाद म्हणाला, "धाकटा." आणि पायली पुन्हा राशीत घातली.